ठळक अक्षरांची फसवणूक

वेबपानावरची अक्षरं जाड केली, आकार वाढवला, निळा रंग दिला की शीर्षक झालं, असं समजणाऱ्याने पानं बनवायचा धंदा बंद करावा. हे मी रागाने लिहिते आहे आणि राग लपवायचा माझा विचार नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवलीच्या एमआयडीसीपर्यंत, घोडबंदर रोडवरच्या काचेच्या ऑफिसांपासून कल्याणच्या गल्लीबोळातल्या कम्प्युटर क्लासपर्यंत वेबसाइट बनवून देणाऱ्यांचं पीक आलं आहे. मी याच धंद्यात आहे. दिवसा पानं बनवते, संध्याकाळी मुलांना शिकवते. त्यामुळे आत काय चालतं ते मला ऐकीव नाही, डोळ्यांदेखत माहीत आहे. वरून चकाचक आणि आत भुसकट, हा आमच्या कामाचा आजचा दर्जा आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना आधी मुद्दा सांगते. वेबपानाला दोन थर असतात. वरचा थर डोळ्यांना दिसतो: रंग, चित्रं, अक्षरांचे आकार. खालचा थर खुणांचा. ही ओळ शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता, असं ब्राउझरला सांगणाऱ्या त्या खुणा. शीर्षकांच्या सहा पातळ्या आहेत, एच-वन ते एच-सिक्स. एच-वन म्हणजे पानाचा विषय, एच-टू म्हणजे त्यातले मुख्य भाग, एच-थ्री म्हणजे त्या भागांचे पोटभाग. ही काही नवी टूम नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली खुणांची जी पहिली यादी मांडली तिच्यातही या सहा पातळ्या होत्या. २०१४ साली एचटीएमएल-फाइव्ह प्रमाणित झालं आणि अर्थ सांगणारे कप्पे हाती आले: पानाच्या माथ्यासाठी हेडर, मेनूसाठी नॅव्ह, मुख्य मजकुरासाठी मेन, स्वतंत्र लेखासाठी आर्टिकल, विषयाच्या एका भागासाठी सेक्शन, आनुषंगिक मजकुरासाठी असाइड, तळासाठी फूटर. यांच्याखेरीज एक कप्पा आहे डिव्ह नावाचा. त्याला स्वतःचा काहीही अर्थ नाही. मांडणीसाठी तो लागतो आणि तेवढ्यापुरता वापरला तर कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते इथे, की आमचे लोक सगळं पानच डिव्हमध्ये कोंबतात. डिव्हच्या आत डिव्ह, त्याच्या आत डिव्ह, आणि सगळ्यात आतल्या डिव्हमध्ये पानाचा विषय, चोवीस पिक्सेल आकाराचा, ठळक, निळा. डोळसाला ते शीर्षक वाटतं. यंत्राला तो नुसता मजकूर. आणि यंत्राच्या आवाजातून वाचणाऱ्या माणसाला तर तिथे शीर्षक आहे याचा पत्ताच लागत नाही.

त्या माणसाचं काय होतं ते जवळून सांगते. ठाण्यात माझ्या ओळखीचे एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, दृष्टी पूर्ण गेलेली. संगणकावर ते एनव्हीडीए वापरतात. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. त्यात एच हे बटण दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. १ ते ६ आकडे दाबले की त्या त्या पातळीचं शीर्षक सापडतं. डी दाबलं की मेन, नॅव्ह असे मोठे कप्पे एकामागून एक लागतात. काकांना त्यांच्या भागात पाणी कधी बंद राहणार ते बघायचं होतं. सूचना एका सार्वजनिक सेवेच्या पानावर होती. काका म्हणाले, "बघ हं, एच दाबतो." संगणक बोलला, "नो नेक्स्ट हेडिंग." त्यांनी डी दाबलं. कप्पाही नाही. मग बाणाचं बटण दाबत एकेक ओळ ऐकणं सुरू झालं: लिंक, लिंक, लिंक, ग्राफिक, लिंक. पुढाऱ्यांच्या फोटोंची सरकती पट्टी, तिच्या मागे पुन्हा लिंकांची रांग. सूचना पानाच्या मध्यावर, चांगल्या मोठ्या लाल अक्षरांत होती. मला ती पहिल्या क्षणी दिसली होती. काका तिथपर्यंत पोहोचेस्तोवर माझा चहा गार झाला. ते म्हणाले, "अगं, मला वाचता येतं. कुठून वाचायचं ते हे पान सांगत नाही."

त्या लाल ओळीला एच-टूची खूण असती तर एक बटण पुरलं असतं. "बाधित विभाग" आणि "पुरवठा सुरू होण्याची वेळ" या दोन ओळींना एच-थ्री असतं तर आणखी दोन. पान बनवणाऱ्याला त्यासाठी किती कष्ट पडले असते? प्रत्येक ओळीला एक शब्द बदलायचा. तीन अक्षरं पुसून दोन लिहायची. हे ज्याने केलं नाही त्याला वेळ मिळाला नाही हे मी मानणार नाही. त्याने विचारच केला नाही.

कल्याण स्टेशनातले फलाटांचे नंबर आणि इंडिकेटर काढून टाका आणि कसारा-कर्जतच्या प्रवाशाला सांगा, प्रत्येक फलाटावर उतरून बघ तुझी गाडी कुठे लागलीय. दुसऱ्या दिवशी रेल रोको होईल. बिनशीर्षकाच्या पानावर अंध माणसाला आपण रोज नेमकं हेच करायला लावतो, आणि त्याच्यासाठी कुणी रुळावर उतरत नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी वर्षानुवर्षं करते आहे. लांब पानावर हवी ती माहिती कशी शोधता, या प्रश्नाला दर वेळी सर्वाधिक लोकांचं उत्तर एकच असतं: शीर्षकांवरून. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण ७१ टक्क्यांहून अधिक होतं. म्हणजे शीर्षक ही सजावट नाही, तो पानात शिरायचा मुख्य दरवाजा आहे.

ऐकण्यासाठी रचलेल्या मजकुराला आपली रचना बोलून दाखवावी लागते, हे मराठी माणसाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. समर्थांचा दासबोध घ्या. २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, एकूण २०० समास. दशकाला नाव, समासाला नाव, ओव्यांना क्रमांक. समास संपला की त्याचं नाव आणि क्रमांक उच्चारूनच वाचणारा पुढे जातो. कारण समोर बसलेल्या श्रोत्यांच्या हातात पोथी नसे. आपण कुठे आहोत ते त्यांना कानानेच कळायला हवं होतं. ग्रंथ एच-वन, दशक एच-टू, समास एच-थ्री: सतराव्या शतकातली ही उतरंड आजच्या खुणांत जशीच्या तशी बसते. स्क्रीन रीडरवर पान ऐकणारा माणूस श्रोताच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या मराठीने श्रोत्याची एवढी काळजी घेतली, त्या मराठीतलं आजचं वेबपान त्याला वाऱ्यावर सोडतं. याची मला मनापासून लाज वाटते.

सरकारी कचेरीला तर रचना कळत नाही असं म्हणायची सोयच नाही. मंत्रालयापासून तहसील कार्यालयापर्यंत प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो, दिनांक असतो, 'विषय' असतो, 'संदर्भ' असतो. शासन निर्णयात 'प्रस्तावना' वेगळी आणि 'शासन निर्णय' वेगळा. विषय न लिहिलेला अर्ज खिडकीवरचा कारकून हातात परत ठेवतो, आणि बरोबर करतो. तीच कचेरी वेबवर येते तेव्हा तिच्या पानाला विषयाची खूण नसते. वर्डमध्ये 'हेडिंग १' नावाची शैली असते. ती वापरली की शीर्षक खरोखर शीर्षक होतं आणि पीडीएफ नीट बनवली तर त्यातही टिकतं. पण एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फाइलीला लावलेला माणूस ओळ निवडतो, बी दाबतो, आकार सोळा करतो आणि मोकळा होतो. मग पत्र छापतात, सही होते, गोल शिक्का बसतो, कागद स्कॅनरवर जातो आणि त्याचा फोटो पीडीएफ म्हणून चढतो. त्या फोटोत शीर्षक राहत नाही, परिच्छेद राहत नाही, एक अक्षरसुद्धा राहत नाही. स्क्रीन रीडरच्या लेखी ते कोरं पान. याच राज्यात शासन निर्णय डिजिटल सहीने निघतात. म्हणजे सहीसाठी कागद स्कॅन करावाच लागतो ही सबब खोटी आहे.

आणि एवढं करून वर सुगम्यतेचा देखावा! पानाच्या उजव्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठं करायची तीन बटणं, काळ्यावर पिवळं करायचं एक बटण, आणि "मुख्य मजकुराकडे जा" अशी एक लिंक. अशी लिंक दाबली आणि कुठेच गेली नाही, असं मी कितीदा तरी पाहिलंय, कारण जिथे जायचं तो मेन कप्पा पानात नसतोच. तळाशी "स्क्रीन रीडर प्रवेश" नावाचं पान असतं. त्यावर कोणता स्क्रीन रीडर कुठून उतरवून घ्यायचा याचा तक्ता. ज्या माणसाला ते पान वाचता आलं, त्याच्याकडे स्क्रीन रीडर असतोच! त्याला सॉफ्टवेअरचा पत्ता नको आहे, तुमच्या पानाला रचना हवी आहे. हा तक्ता लावून नियम पाळल्याचं समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा डोळे मिटून आपल्याच कार्यालयाच्या पानावरून दाखल्याचा अर्ज भरून दाखवावा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांत दृष्टिदोष असलेले पावणेसहा लाखांच्या आसपास. हे लोक कुणाच्या दयेची वाट बघत बसलेले नाहीत. त्यांच्या बाजूने कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही मुदत घालून देतं. कलम ८९ मध्ये दंड आहे, पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुढे ५ लाखांपर्यंत. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते सल्लावजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं बजावलं. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. आणि जगभर मानल्या जाणाऱ्या वेब सुगम्यतेच्या मानकांत, डोळ्यांना दिसणारी रचना खुणांतही उतरली पाहिजे, हा नियम १.३.१ सगळ्यात खालच्या, किमान पातळीवर आहे. म्हणजे मी काही शिखर गाठायला सांगत नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवा म्हणते.

आता माझ्या धंद्यातल्या लोकांशी बोलते, कारण सरकारवर खापर फोडून आपण सुटत नाही. निविदा सरकार काढतं, पान आपण बनवतो.

तुम्ही शीर्षकाची पातळी आकारावरून निवडता. वर्डप्रेसमध्ये पान रचताना शीर्षकाच्या खान्यात एच-वन ते एच-सिक्स अशी यादी उघडते आणि तुम्ही डोळ्यांना बरं दिसेल ते निवडता. एच-टू फार मोठं वाटलं, घ्या एच-फाइव्ह. मग ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो की मधले तीन भाग कुठे गेले. आकार हवा तसा ठेवायला शैलीपत्रक आहे. बूटस्ट्रॅपने तर शीर्षकाचं नुसतं रूप देणारे वर्ग वेगळे काढून दिले आहेत. पातळी अर्थाने ठरते, आकार शैलीने. एवढा फरक ज्याला कळत नाही त्याने ग्राहकाकडून पैसे घेऊ नयेत.

तुम्ही एच-वन गुगलला विकता. डोंबिवली पूर्वेतल्या दवाखान्याचं पान आणि त्याच्या एच-वनमध्ये "बेस्ट डेंटिस्ट इन डोंबिवली ईस्ट", खाली एच-टूमध्ये तेच, त्याखाली तेच डोंबिवली वेस्ट घालून. दवाखान्याची वेळ मात्र साध्या डिव्हमध्ये. दाढ दुखणाऱ्या माणसाला वेळ हवी असते. शीर्षक वाचणाऱ्यासाठी असतं. शोधयंत्राला जे मिळायचं ते प्रामाणिक रचनेतून आपोआप मिळतं.

तुम्ही सेक्शनला नव्या फॅशनचा डिव्ह समजता. सेक्शन हा विषयाचा भाग आहे, त्याला स्वतःचं शीर्षक हवं. ज्या सेक्शनला शीर्षक सुचत नाही तो सेक्शन नाही, तिथे डिव्हच लावा. आर्टिकल म्हणजे पानातून उचलून दुसरीकडे ठेवलं तरी एकटं उभं राहील असा मजकूर. मेन पानात एकच. आणि प्रत्येक सेक्शनमध्ये एच-वन टाकलं की ब्राउझर आपोआप पातळ्या लावतो, हे जे अजून काही क्लासमध्ये शिकवलं जातं, ते बंद करा. एचटीएमएल-फाइव्हने तसं सांगितलं होतं, पण एकाही ब्राउझरने ते स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवलं नाही, आणि २०२२ मध्ये तो भाग मानकातूनच काढून टाकला गेला. कालबाह्य वही समोर ठेवून फी घेणं हा मुलांशी केलेला दगा आहे.

तुम्ही मराठी पानावर भाषेची खूण इंग्रजीची ठेवता, कारण आयत्या साच्यात ती तशी आली होती. परिणाम असा की वाचणारा आवाज इंग्रजी निघतो. देवनागरी मजकूर तो एक तर गाळतो, नाही तर अक्षरागणिक तोडतो. पानाच्या अगदी सुरुवातीला दोन अक्षरं बदलायची असतात. मराठीच्या अस्मितेवर फलकयुद्ध करणाऱ्या पक्षांपैकी एकाने तरी कधी आपल्या पानाची ही दोन अक्षरं तपासली आहेत का?

यावर मला मिळणारी उत्तरं पाठ झाली आहेत. "ग्राहक विचारत नाही." घराचा मालकही सळईची जाडी विचारत नाही, म्हणून ती बारीक घालायला इंजिनिअरला परवाना मिळत नाही. "फ्रेमवर्क असंच पान बनवतं." खोटं आहे. रिॲक्टमध्ये काय लिहायचं ते तुम्ही ठरवता, डिव्ह तुमच्या बोटांतून उतरतो. "आंधळी माणसं आमची साइट बघत नाहीत." तुम्ही त्यांना आत घेतलंच नाही तर ती दिसणार कशी? "बजेट नाही." सरकत्या फोटोपट्टीसाठी होतं. तिच्यासाठी तुम्ही दोन दिवस घालवता, आणि ती काकांच्या वाटेतला पहिला अडथळा असते.

कल्याण-डोंबिवलीला तर या बाबतीत मागे राहण्याचा अधिकारच नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या या महापालिकेने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कारभार संगणकावर आणला, नागरी सुविधा केंद्र उघडलं, आणि तिची पद्धत पुढे राज्यातल्या इतर नगरपालिका-महापालिकांनी उचलली. ज्या शहराने राज्याला संगणकीकरणाचा धडा दिला, तिथल्या १२ लाखांहून अधिक लोकांनी आणि शेजारच्या ठाण्यातल्या १८ लाखांहून अधिक लोकांनी पुढचा धडाही इथूनच निघावा असा हट्ट धरला पाहिजे. खिडकी संगणकावर आणली, आता ती सगळ्यांना उघडता आली पाहिजे.

म्हणून माझी मागणी साधी आणि मोजता येण्यासारखी आहे. महापालिका, जिल्हा परिषद, बँक, पतपेढी, शाळा, रुग्णालय, जो कुणी लोकांसाठी पान बनवून घेईल, त्याने निविदेत लिहावं: प्रत्येक पानाला विषय सांगणारा एकच एच-वन, पातळ्या न गाळता उतरणारी शीर्षकं, मेन आणि नॅव्ह कप्पे, भाषेची खरी खूण, आणि स्कॅन केलेल्या पीडीएफवर बंदी. काम हाती आल्यावर माउस बाजूला काढून ठेवावा, एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ-सेव्हन दाबून शीर्षकांची यादी उघडावी आणि ती मोठ्याने वाचावी. यादी अनुक्रमणिकेसारखी वाचता आली तर काम झालं. नाही आली तर बिल रोखावं आणि ठेकेदाराकडून त्याच्याच खर्चाने पान पुन्हा करून घ्यावं. ही तपासणी अंध माणसाच्या हातून करावी, त्याला त्याच्या वेळेचे पूर्ण पैसे द्यावेत, आणि त्याने मान्यता दिल्याशिवाय एकही पान लोकांसमोर ठेवू नये.